आत्याबाईचं दुहेरी चिलखत

३ मार्च, मंगळवार

विसरलीस ना? काल पाऊण तास बोलले तुझ्याशी, आणि सकाळी नातीने फोनमध्ये तुला उघडून पाहिलं तर पान कोरं! "आज्जी, आधी तो लाल ठिपका दाबायचा असतो." मला वाटलं ठिपका शोभेचा. म्हणजे चूक माझी, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं, चांगली वही असतीस तर ठिपक्यावाचून ऐकलं असतंस. वय तुझं दोन आठवडे आणि माझ्याहून विसराळू!

तर पुन्हा पहिल्यापासून. मला अक्षर येत नाही. आलं आणि गेलं असं नाही, कधी आलंच नाही. मी बोलते, तू लिहून घेतेस. काय लिहितेस देव जाणे, मला तपासता येत नाही. नातीने शपथ घेतली आहे की ती वाचणार नाही. तिची शपथ म्हणजे तिचा स्वयंपाक. मनापासून असतो, पण भरवसा नाही.

घरात आम्ही दोघी. चौथा मजला. तिला इथे नोकरी लागली तेव्हा सोबतीला म्हणून दोन महिन्यांसाठी आले, दोन वर्षं झाली. म्हातारा धाकट्या मुलाकडे, दुसऱ्या गावी. चार जिने त्याच्या गुडघ्यांना मंजूर नाहीत आणि धाकट्याची बायको मला मंजूर नाही. रविवारी फोनवर भेटतो. पंचावन्न वर्षांच्या संसाराला एवढं अंतर मानवतं.

४ मार्च, बुधवार

नात काय काम करते ते आज पुरतं समजलं. पडद्यावरचा खेळ बनवतात. समुद्र, समुद्रात जुनी लढाऊ जहाजं, लोक आपापल्या घरी बसून एकमेकांची जहाजं बुडवतात. हिच्याकडे चिलखतं. कुठल्या जहाजाला कुठे किती जाड लोखंड, ते ही ठरवते. खऱ्या जहाजांचे नकाशे आहेत त्यांच्याकडे. पण नकाशाबरहुकूम केलं की एकच जहाज सारखं जिंकतं आणि बाकीचे रुसतात. मग ही इथलं बोटभर लोखंड काढते, तिथे बोटभर चढवते.

"म्हणजे नेमकं करायचं काय तुला?"

"शंभर लढायांत पन्नासच्या आसपास जिंकावं प्रत्येकाने. फार जास्त नाही, फार कमी नाही."

एवढी शिकली पोरगी — कशासाठी, तर लढाईत कुणी जिंकू नये म्हणून! आम्ही दोघी जावा हे काम घरी बसून करत होतो.

७ मार्च, शनिवार

सुट्टी असून ती पडद्यापुढेच. चहा द्यायला गेले आणि कप माझ्याच हातात राहिला.

पडद्यावर आत्याबाई!

खरं नाव वेगळंच आहे तिचं. लांबलचक, माझ्या जिभेला वळत नाही. पण मागच्या अंगाला गोल खिडक्यांची रांग आणि त्यात एकच खिडकी चौकोनी, ती मी विसरेन? त्या खिडकीतून दीड वर्ष जेवणाचा डबा आत ओढून घेतला आहे मी.

"आज्जी, तुला हे जहाज माहीत आहे?"

"माहीत काय! अगं, हिला आम्हीच तर खाल्लं."

मग सांगावं लागलं. मी आणि म्हातारा जहाजं तोडायच्या धक्क्यावर होतो. पन्नासेक वर्षं झाली. तो गॅसवर लोखंड कापायचा. आम्ही बायका आतलं लाकूड, तारा, भिंतींत भरलेला कापूस काढायचो. हे जहाज कुणाचं, कुणाशी लढलं, आम्हाला कुणी सांगितलं नाही. न बोलावता आलं, चिखलात बूड टेकून बसलं आणि दीड वर्ष हललं नाही — म्हणून बायकांनी नाव ठेवलं आत्याबाई.

नात टाळ्या पिटायला लागली. "आजोबांना सांगूया! आत्ताच फोन लावते!"

मी म्हटलं, आधी चहा घे, निवतोय.

८ मार्च, रविवार

फोन. नातीने तो माझ्या हातून ओढलाच. "आजोबा, तुमचं जहाज आलंय माझ्याकडे! आत्याबाई!"

पलीकडून म्हातारा म्हणाला, "या खेपेच्या लिंबांना मीठ नाही."

मी दर महिन्याला लिंबं मुरवून पाठवते त्याला. डॉक्टरने मीठ बंद केलं तेव्हापासून नुसती आंबट. महिनाभर खातो आणि महिनाभर तक्रार करतो.

नात म्हणते, त्यांना नीट ऐकू आलं नसेल.

आलं असेल.

९ मार्च, सोमवार

हे मी आजवर कुणाला सलग सांगितलेलं नाही. नीट लिही.

चिलखताचा एक पत्रा म्हणजे खोलीच्या भिंतीएवढा, दीड वीत जाड. तो उतरवायची रीत ठरलेली. पत्र्यामागे सागवानी फळ्या असत. गॅस लागला की त्या पेटतात. म्हणून आधी आम्ही बायकांनी खालून शिरायचं आणि पहारीने लाकूड मोकळं करायचं. मग कटरने, म्हणजे गॅसने कापणाऱ्याने, यायचं, हातोडीने पत्रा वाजवायचा, ऐकायचं आणि भार सांगायचा. कटर बोलेल तो भार. तेवढ्या भाराची साखळी विंचवाला, म्हणजे पत्रा उचलायचं यंत्र चालवणारा, लावणार.

म्हाताऱ्याचा कान धक्काभर नावाजलेला. मुकादम नकाशात बघायचा आणि हा वाजवून सांगायचा. बावीस टन. एकोणीस. काट्यावर टाकला की तेवढाच भरायचा! छाती काढून चालायचा तेव्हा. अर्थात तेव्हा म्हातारा नव्हता.

आत्याबाईच्या उजव्या अंगाला, मागच्या तोफेखाली, एक पत्रा वाजवला आणि म्हणाला, पंचवीस टन. नकाशातही पंचवीस. विंचवाल्याने तिसाची साखळी लावली. पत्रा दोन पुरुष उंच गेला आणि साखळी तुटली. पत्रा चिखलात गेला, संध्याकाळच्या भरतीने गिळला. जाता जाता विंचवाल्याचा उजवा पाय घेऊन गेला.

चौकशी एका दुपारची. "कटरचा अंदाज चुकला." झालं. हातातला गॅस काढून घेतला आणि फाटकावर राखणीला बसवला. त्या दिवसापासून त्याला नाव पडलं — अंदाजे! पोरंसोरंसुद्धा. "अंदाजे, वाजले किती?" "अंदाजे, फाटक उघडा." तेवीस वर्षं उघडलं फाटक. पुन्हा कशावरही हातोडी वाजवली नाही. बाजारात कलिंगडसुद्धा वाजवून घेत नाही, दुकानदारालाच वाजवायला लावतो.

नातीला यातलं एवढंच माहीत आहे की आजोबांना गमतीने अंदाजे म्हणायचे.

१२ मार्च, गुरुवार

नात जेवताना चमचा खाली ठेवेना आणि तोंडातही घालेना. आत्याबाई तिला त्रास देते आहे. मी म्हटलं, सवयच आहे तिची.

भानगड अशी. खेळणाऱ्यांत काही लोक आहेत, जुने फोटो घेऊन खिळेसुद्धा मोजतात. ते ओरडतायत की सगळ्या फोटोंत आत्याबाई उजवीकडे झुकलेली दिसते. अगदी थोडी, पेल्यात पाणी ठेवलं तर कळेल इतकीच. पण खेळात ती ताठ उभी. शिवाय त्याच उजव्या अंगाला एकदा तोफेचा गोळा बसला होता. नकाशाच्या मापाने तो आरपार जायला हवा. गेला नाही. नातीने आकडेमोड केली. तिथे कुठेतरी साठ टन लोखंड जास्त आहे, आणि नकाशात नाही.

"साठ टन, आज्जी! कुठे असतील?"

"मला काय विचारतेस? मी नेले का?"

जरा जोरातच बोलले. चोराच्या मनात चांदणं.

१३ मार्च, शुक्रवार

आज बोलायचं नाही.

१४ मार्च, शनिवार

नात भाजी आणायला गेली आहे. लाल ठिपका लागलाय. एरवी विसरतेस, आज विसरलीस तरी चालेल.

धाकटा पोटात होता तेव्हा. खोलीची जमीन बाराही महिने ओली. मला पलंग हवा होता. दुसरं काही नाही, एक पलंग.

लाकूड निघेल ते मुकादमाचं. बायकांना फक्त ढलप्या, चुलीपुरत्या. म्हणून बायकांची आपली एक रीत होती. फटीत काय सापडलं ते फटीतच बोलायचं, बाहेर नाही. झाकली मूठ.

त्या पत्र्यामागच्या फळ्या मी काढल्या. नेहमीसारख्याच होत्या. एक अंग लोखंडाने काळं पडलेलं, दुसरं शेंदरी, कारण जहाजाच्या आतल्या भिंतीला शेंदरी रंग असायचा. सगळ्या निघाल्या. सहज हात वर घातला तर लोखंडाच्या पलीकडे आणखी एक फट! आणि त्या फटीतही फळ्या. म्हणजे पत्रा एक नव्हताच. बाहेर एक जाड, आत एक पातळ, मध्ये लाकूड. लढाईत कधीतरी मार खाल्ला असेल, कुणीतरी आतून आधार दिला असेल. नकाशावाल्यांना न कळवता. जहाजांतही झाकली मूठ असते.

सहा फळ्या होत्या मधल्या. दोन्ही अंगांनी काळ्या. मी संध्याकाळी कापसाच्या गाठोड्याखाली घालून घरी नेल्या. कुणाला बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्रा वाजवला. थांबला. परत वाजवला. म्हणाला, "आवाज भरीव येतोय. मागे लाकूड राहिलंय का गं?"

मुकादम शेजारी उभा. नाही म्हटलं असतं तर दोघे वाकून बघणार, दुसरी फट दिसणार, तिथल्या फळ्या कुठे गेल्या विचारणार.

मी म्हटलं, "एक फळी अडकलीय. निघत नाही."

म्हणून तो म्हणाला, पंचवीस.

त्याचा कान चुकला नव्हता. बायको चुकली होती.

पुढचे तीन पत्रे मुकादमाने दुप्पट साखळीने उतरवले. कुणाला न विचारता, न बोलता. म्हणजे त्यालाही कळलं. पण चौकशी झालेली होती, आणि झालेली चौकशी उकरायची धक्क्यावर रीत नव्हती.

पलंग म्हाताऱ्यानेच केला. गॅस सुटलेला, हात रिकामे. फळ्या मुकादमाने दिल्या, दया येऊन, असं मी सांगितलं. त्याच पलंगावर धाकटा जन्मला. त्यावरच म्हातारा अजून झोपतो. धाकट्याने मऊ गादीचा नवा आणला तर म्हणाला, त्यावर सुनेला झोपव.

आणि विंचवाला. लाकडी पाय पुढे करून फाटकावर याच्याशेजारी येऊन बसायचा. दोघे पत्ते खेळायचे. दुपारी जेवायला आमच्यात. मी त्याला कायम एक वाढप जास्त वाढलं. चार वर्षांपूर्वी गेला. तेवढंच सांगता आलं त्याला, वाढून.

जिन्यात पावलं वाजली. बस.

१५ मार्च, रविवार

फोन झाला. गुडघे, हवा, मीठ.

१७ मार्च, मंगळवार

नातीने तोडगा काढला. आत्याबाईच्या उजव्या कोठीत कोळसा भरायचा, खोटा, साठ टन. झुकेल आपोआप आणि कुणी विचारणार नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "कोळसा नको. लोखंडच आहे ते. दुसरा पत्रा आहे आत."

तिने खुर्ची फिरवली. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं, माझा हात होता त्यात."

पातळ पत्रा केवढा, तिने हाताने दाखवायला लावलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, जरा आखडून. तिने पट्टी लावली, गुणाकार केला. पंधरा टन. असे चार. साठ.

तिने उठून माझ्या दोन्ही हातांचे मुके घेतले. कसला कसला वास असतो माझ्या हातांना. आज लसणाचा होता.

फळ्यांचं मात्र बोलले नाही.

१८ मार्च, बुधवार

कचेरीत तिच्या एक दाढीवाला आहे. जुन्या जहाजांचा जाणकार. त्याने नातीला विचारलं, "नोंद कुठली?"

"माझी आजी."

"छापील काही?"

मी म्हटलं, सांग त्याला, आजी छापील नाही, हातची आहे. एकच प्रत.

१९ मार्च, गुरुवार

तात्पुरता पत्रा घालून बघितला त्यांनी. आत्याबाई झुकली, अगदी फोटोसारखी! गोळाही अडला. नात ओरडलीच म्हणे. आणि मग आत्याबाई शंभरातल्या साठ लढाया जिंकली.

मोठ्या साहेबाचं तोंड पडलं. "खरं असेल, पण खेळाला जड होतंय." मग बैठक बसली. साहेबाने निकाल दिला. पुरावा आणलात तर पत्रा पूर्ण ठेवू, वर सुकाणू मंद करून तिला वळायला उशीर लावू. पुरावा नसेल तर पत्रा अर्धा.

म्हणजे खरं बोलली तर चिलखत मिळेल पण पाय बांधू. नाही बोलली तर अर्धंच खरं धरू. साहेबाचं लग्न झालेलं दिसतंय.

पण अर्धा पत्रा! अर्ध्या पत्र्याला भरीव आवाज येत नाही. अर्ध्या पत्र्याला म्हाताऱ्याचा कान पुन्हा चुकीचाच ठरतो. खेळात का होईना.

२० मार्च, शुक्रवार

नातीने विचारलंच. हुशार आहे, माझ्यावर गेली. "आज्जी, दोन पत्र्यांच्या मधलं लाकूड दोन्हीकडून काळं असणार ना? तसली एक फळी जरी कुठे उरली असती..."

सांगितलं. पलंग, फळ्या, मुकादम, अडकलेली नसलेली फळी. सगळं. भांडी घासता घासता, तिच्याकडे पाठ करून.

तिने माझ्या हातातलं ताट घेतलं आणि विसळायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी म्हणाली, "काकाला सांगते. आजोबा फिरायला गेले की गादी उचलून खालून फोटो काढेल. आजोबांना कळणारही नाही."

मी म्हटलं, "नाही. त्याच्या अंगाखालून काढायचं आणि त्यालाच सांगायचं नाही, हे मी एकदा केलंय. पुरे."

२१ मार्च, शनिवार

कसं बोलायचं त्याचा सराव केला. लिंबांसमोर. लिंबं काही बोलली नाहीत. मीठ न लावता चिरून ठेवली.

२२ मार्च, रविवार

बोलले. नात गॅलरीत जाऊन उभी राहिली, पाठ करून.

"अहो, ऐकताय का? आत्याबाईच्या त्या पत्र्यामागे फळी अडकली नव्हती. मी खोटं बोलले. आत दुसरा पत्रा होता. तुमचा कान बरोबर होता. पलंगाच्या फळ्या तिथल्याच."

एका दमात. सरावातलं एकही वाक्य आठवलं नाही.

पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. ते घड्याळ माझं आहे, सूनबाईने ठेवून घेतलं.

"बरं," म्हणाला. आणि फोन ठेवला.

मग धाकट्याचा फोन. "आई, काय बोललीस बाबांशी? टीव्ही बंद करून पलंगावर बसलेत. जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत."

२३ मार्च, सोमवार

फोन वाजला. म्हातारा. सोमवारी!

म्हणाला, "गादी उचललीय. पोराकडून फोटो काढून घेतला खालून, पाठवलाय तुझ्या नातीला. दोन्हीकडून काळं."

"तुम्ही वरून रंधा मारला होतात. वरचं काळं कुठे उरलं असेल?"

"म्हणून तर सांगतोय. रंधा मारला तेव्हा वरून काळं निघालं. फळी उलटी केली, तिथेही काळं. शेंदरी कुठेच नाही. पन्नास वर्षं झाली त्याला. तेव्हाच कळलं मला."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुझंही काम गेलं असतं. आणि पलंग झाला होता चांगला."

"आणि विंचवाला? त्याला बिचाऱ्याला..."

"त्याला मी त्याच आठवड्यात सांगितलं. म्हणाला, गप बस अंदाजे. वाढतेय तर वाढू दे तिला, आपण खाऊ."

हसला. कितीतरी वर्षांनी दात नसलेलं हसू ऐकलं.

वही, विसराळू बाई, एवढं एक विसरू नकोस. उद्या सकाळी आठवण कर. म्हाताऱ्याला लिंबांची मोठी बरणी पाठवायची, तीस लिंबं, आणि मीठ पूर्वीसारखं, मूठ भरून. वाटेत मुरतील.